त्यागाआधीचे स्वातंत्र्य

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलाने पुण्यात घर घेतले. आम्हा ख्रिस्ती कुटुंबांत अशा वेळी आभाराची उपासना ठेवतात. पाळकसाहेब येतात, गीते होतात, प्रार्थना होते, मग जेवण. घरातला वडीलधारा म्हणून मलाही दोन शब्द बोलायला सांगितले. मी जन्मभर शिक्षक. दोन शब्द सांगितले की दोनशे होतात. मी माझ्या थोरल्या बहिणीविषयी बोललो.

आम्ही पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातले. १९७२ च्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या, वडिलांच्या हाताला काम उरले नाही. ताई तेव्हा सातवीत होती, वर्गात पहिली. तिची शाळा सुटली आणि ती आईबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. मी तिच्याहून तीन वर्षांनी लहान. माझी शाळा चालू राहिली. पुढे मी शिकलो, नोकरीला लागलो, आणि आज माझा मुलगा पुण्यात घर घेऊ शकला. हे सगळे मी त्या दिवशी सांगितले. ‘वधस्तंभाची शिकवण मी पुस्तकात नंतर वाचली, आधी ती ताईच्या हातांवरच्या घट्ट्यांत पाहिली,’ असेही म्हणालो. लोकांचे डोळे पाणावले. पाळकसाहेबांनी पाठ थोपटली.

जेवणे आटोपल्यावर मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो. ताई ओट्यापाशी उभी होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘बोललास छान. पण त्याग कसला रे बाळ? मला कोणी विचारलंच नव्हतं.’

तिच्या आवाजात राग नव्हता. तिने उरलेली भाजी डब्यात काढली आणि झाकण लावले. मी मात्र ग्लास हातात धरून तसाच उभा राहिलो. पन्नास वर्षे ज्या गोष्टीला मी त्याग म्हणत होतो, तिला ती करणारी व्यक्ती त्याग म्हणत नव्हती. मग ते काय होते? आणि ख्रिस्ती धर्म ज्या त्यागाविषयी इतके बोलतो, तो नेमका कोणता? या प्रश्नांनी मला पुन्हा पुस्तकांकडे नेले. त्यातून जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

ख्रिस्ती माणसासमोर त्यागाचे चित्र म्हणून उभा राहतो तो वधस्तंभ. प्रभू येशूच्या काळात वधस्तंभ ही रोमी साम्राज्याची शिक्षा होती. ती मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना देत. रोमी नागरिकाला ती सहसा दिली जात नसे. म्हणजे ज्याला कोणतेही स्वातंत्र्य नाही अशा माणसाचे हे मरण. खिळ्यांनी हातपाय जखडलेला माणूस स्वतंत्र कसा असेल? बाहेरून पाहणाऱ्याला तो बळीच दिसणार.

शुभवर्तमाने मात्र आपल्याला वधस्तंभाच्या आधीची रात्र दाखवतात. यरुशलेम शहराच्या पूर्वेला किद्रोनचा ओहोळ ओलांडला की जैतुनाचा डोंगर लागतो. त्याच्या पायथ्याशी गेथशेमाने नावाची जागा. या नावाचा अर्थ तेलाचा घाणा. वल्हांडण सण पौर्णिमेचा, तेव्हा त्या रात्री आकाशात पूर्ण चंद्र होता. पकडायला येणारा घोळका दिवट्या घेऊन दरीतून चढताना दुरूनच दिसला असेल. डोंगर ओलांडला की पलीकडे यहूदियाचे रान सुरू होते. तिथे लपलेला माणूस सहजासहजी सापडत नाही. वाट मोकळी होती, वेळ होता, अंगावर बेड्या नव्हत्या.

येशू पळून गेला नाही. पण तो हसतमुखाने पुढेही झाला नाही, हे लक्षात घ्यायला हवे. हा प्याला टळावा अशी त्याने प्रार्थना केली, आणि ती एकदा करून थांबला नाही, पुन्हा पुन्हा केली. त्याला मरायचे नव्हते. ‘नको’ म्हणण्याची मुभा त्याला होती आणि ती त्याने मनापासून वापरली. मगच त्याने होकार दिला. योहानाच्या शुभवर्तमानात तो आपल्या प्राणाविषयी जे सांगतो त्याचा आशय असा की, तो कोणी हिरावून घेत नाही, तो मी आपणहून देतो. ख्रिस्ती विश्वासात वधस्तंभाला अर्थ येतो तो या बागेतल्या रात्रीमुळे. ती रात्र वगळली, तर उरतो फक्त एका निरपराध माणसाचा खून.

आमच्या मंडळ्यांत गुड फ्रायडेला जखमांविषयी पुष्कळ सांगितले जाते. या होकाराविषयी कमी. मीही तसेच सांगत आलो आहे.

आता प्रेषित पौलाकडे येऊ. स्वातंत्र्य या शब्दाला ख्रिस्ती विचारात जे वजन आले ते मुख्यतः त्याच्यामुळे. पहिल्या शतकाच्या मध्यावर, आजच्या तुर्कस्तानात असलेल्या गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना त्याने एक पत्र लिहिले. पत्र तापलेले आहे. यहूदी नसलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांवर काही जण सुंतेची आणि जुन्या नियमांची सक्ती करत होते. पौलाचे म्हणणे असे की, ख्रिस्ताने तुम्हाला मोकळे केले आहे, तेव्हा पुन्हा कोणाचे जोखड मानेवर घेऊ नका. रोमी जगात गुलामांचे बाजार भरत, दाम मोजून गुलाम सोडवता येत असे. सुटलेला माणूस आणि न सुटलेला माणूस यांतला फरक त्याच्या वाचकांना रोज रस्त्यात दिसत होता. त्यामुळे सुटका हा शब्द त्यांच्या काळजाला भिडला असेल.

पण तेच पत्र पुढे एक वळण घेते. तुम्ही मोकळे झालात ना, मग ते मोकळेपण चैनीसाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा, असे पौल सांगतो. तिथे त्याने योजलेला ग्रीक शब्द दासाच्या सेवेचा आहे. आताच दास्यातून सुटलेल्यांना तो पुन्हा दास व्हायला सांगतो, हे ऐकायला विचित्र वाटते. मात्र आधीच्या दास्यात मालक दुसरा होता आणि नाही म्हणण्याची सोय नव्हती. आताच्या सेवेत माणूस स्वतः आपला मालक आहे, म्हणूनच तो आपल्याला देऊ शकतो. जे आपले नाही ते दान कसे करणार? दुसऱ्याच्या शेतातले धान्य वाटणाऱ्याला आपण दाता म्हणत नाही.

याच पौलाचे फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहिलेले एक छोटे पत्र आहे. छापील पानभराचे. फिलेमोनाचा अनेसिम नावाचा गुलाम त्याच्यापासून दूर, पौलाजवळ येऊन राहिला होता आणि ख्रिस्ती झाला होता. पौल त्याला परत पाठवतो, आणि आता याला गुलाम म्हणून न घेता भाऊ म्हणून घे, असे मालकाला विनवतो. मला या पत्रातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. पौल म्हणतो की मला हुकूम करता आला असता, पण तुझ्या संमतीवाचून मला काही करायचे नाही. तुझ्या हातून होणारे चांगले काम दडपणाखाली व्हावे असे मला वाटत नाही, ते तुझ्या मर्जीने व्हावे.

प्रेषिताने विचारले. हे वाक्य वाचताना मला ओट्यापाशी उभी असलेली ताई आठवली.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की, त्या पत्रात मालकाची मर्जी विचारली आहे, गुलामाची विचारल्याचे कुठे दिसत नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या समर्थकांनी याच पत्राचा आधार घेऊन पळालेल्या गुलामांना परत पाठवण्याचे समर्थन केले. विरोधकांनी त्यातल्याच ‘भाऊ’ या शब्दावर बोट ठेवले. धर्मग्रंथ हातात असला म्हणून माणूस आपोआप न्यायी होत नाही. त्यागाची भाषा तर फारच जपून वापरायला हवी, कारण ती ज्याच्या फायद्याची असते त्यालाच ती जास्त गोड लागते.

पौलानंतर सुमारे पंधराशे वर्षांनी, १५२० साली, जर्मनीत मार्टिन लूथरने ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. तिचा गाभा दोन विधानांत आहे. ख्रिस्ती माणूस पूर्ण स्वतंत्र आहे, तो कोणाचा ताबेदार नाही. आणि ख्रिस्ती माणूस सर्वांचा सेवक आहे, तो प्रत्येकाचा ताबेदार आहे. वरवर पाहता ही विधाने एकमेकांना छेद देतात. लूथरचा उलगडा साधा आहे. देवाने आपल्याला फुकट स्वीकारले आहे असा ज्याचा विश्वास आहे, त्याला स्वर्ग मिळवण्यासाठी पुण्याचा हिशेब ठेवावा लागत नाही. त्याचे हात रिकामे होतात. ते हात मग शेजाऱ्याच्या उपयोगी पडतात, आणि त्या सेवेतून त्याला स्वतःसाठी काही कमवायचे नसते.

हा झाला विचार. तो जगून दाखवलेले एक आयुष्य आपल्या महाराष्ट्रातच आहे. पंडिता रमाबाईंचे नाव तुम्हाला नवे नाही. पण स्वातंत्र्य आणि त्याग या दोन शब्दांच्या उजेडात ते आयुष्य पुन्हा पाहावे असे मला वाटते.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले, आणि त्याची किंमत म्हणून समाजाचा रोष सोसला. तीर्थयात्रा करत, पुराणे सांगत हे कुटुंब देशभर फिरले. दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि त्यांचा भाऊ पायी चालत राहिले. १८७८ साली ती दोघे कोलकात्यात पोहोचली. तिथल्या विद्वानांनी या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातीबाहेर विवाह केला. १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. वय तेविशीतले आणि पदरात लहानगी मनोरमा.

त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेकडून समाजाची काय अपेक्षा होती, हे सांगायला नको. केस, रंग, चांगले अन्न, मंगलकार्यातली जागा, सगळे सोडायचे. यालाही लोक त्यागच म्हणत. रमाबाईंनी पुढे इंग्रजीत लिहिलेल्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या १८८७ च्या पुस्तकात विधवांची ही स्थिती जगापुढे मांडली. सक्तीच्या त्यागाला त्यांनी त्याग मानले नाही, हे त्यांचे पहिले स्वातंत्र्य.

दुसरे स्वातंत्र्य कमी लोकांना ठाऊक असते. १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आता ही विदुषी आपल्या मार्गदर्शकांचे मुकाट्याने ऐकेल, असे तिथल्या चर्चमधल्या काहींना वाटले असावे. तसे झाले नाही. त्यांच्या धर्मगुरू-भगिनी सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार छापून प्रसिद्ध झालेला आहे, तो मुळातून वाचण्यासारखा आहे. त्रैक्यासारख्या सिद्धान्तांवर रमाबाई प्रश्न विचारतात. मुलीला धर्माचे शिक्षण कोणी आणि कसे द्यायचे, यावर आपला हक्क सोडत नाहीत. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याला एका बिशपांनी हरकत घेतली तर त्यामागचे कारण विचारतात. क्रुसावरची अक्षरे लॅटिनमध्येच का, आपल्या संस्कृतात का नकोत, असाही वाद घालतात. आहार शाकाहारीच ठेवतात. पुरोहितांचे एक जोखड मोठ्या कष्टाने उतरवले आहे, ते दुसऱ्या पुरोहितांच्या हातून पुन्हा मानेवर घेणार नाही, असा त्यांचा रोख आहे. गलतियाच्या पत्रात पौल हेच सांगत होता.

म्हणजे रमाबाईंनी दोन ठिकाणी ‘नाही’ म्हटले. आधी ज्या समाजात जन्मल्या त्याला, मग ज्या समाजात गेल्या त्याला. अशा बाईला आपण आपमतलबी किंवा हट्टी म्हणून मोकळे होतो. पण पुढची चाळीस वर्षे काय झाले ते पाहा.

१८८९ मध्ये मायदेशी परतून त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढले. पुढच्या वर्षी ते पुण्यात आले. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो यावरून मोठे वादळ उठले. सल्लागार मंडळातून न्या. रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे बाहेर पडली. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. १८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः तिकडे गेल्या. भुकेने मरणारी माणसे त्यांनी लहानपणी घरातच पाहिली होती. त्यांनी शेकडो मुली आणि बायका सोबत आणल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला, तेव्हा हे सगळे बिऱ्हाड दौंडजवळच्या केडगावला, घेऊन ठेवलेल्या जमिनीवर हलवले. त्या वसाहतीचे नाव ‘मुक्ती’.

हे नाव रमाबाईंनी विचारपूर्वक निवडले असणार. संस्कृताचा एवढा अधिकार असलेल्या बाईला या शब्दाचे सगळे पदर ठाऊक होते. गंमत अशी की, मुक्तीमध्ये रोज कामच काम होते. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना. अंध मुलींसाठी मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकून आल्या. फसवल्या गेलेल्या आणि टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ होते. रमाबाई स्वतः हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सारे बायबल साध्या मराठीत आणण्याच्या कामाला लागल्या. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईला ते वाचता यावे, हा हेतू होता. त्याचे खिळे आश्रमातल्या मुलींनी जुळवले. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ज्या एकुलत्या मुलीच्या हाती हे सगळे सोपवायचे, तीच आधी गेली. रमाबाई भाषांतराच्या कामाला बसून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते काम हातावेगळे झालेले होते. ते पुस्तकरूपात आले त्यांच्या मागे. मुक्ती आजही केडगावला चालू आहे.

त्यांच्यावर टीका झाली आणि ती सगळीच खोटी म्हणता येणार नाही. उपाशी पोरीला भाकरी देणाऱ्या घराचा धर्म तिने स्वीकारला, तर त्यात तिची मर्जी किती आणि भुकेचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. ज्या बाईने स्वतःच्या विवेकाचे स्वातंत्र्य इतके जपले, तिच्याबाबतीत तो अधिकच विचारायला हवा. मला त्याचे सोपे उत्तर देता येत नाही. पण रमाबाईंनी स्वतः जे दिले, ते त्यांच्याकडून कोणी वसूल केले नव्हते एवढे नक्की. विलायतेत किंवा अमेरिकेत मानाने राहणे त्यांना शक्य होते. पांढरी साडी, साधे जेवण आणि केडगावचे ऊन हे त्यांनी निवडले.

रमाबाई गेल्यानंतर सतरा वर्षांनी असाच निवडीचा प्रसंग एका जर्मन धर्मपंडितापुढे आला. डीट्रिख बोनहोफर हा लूथरच्या परंपरेतला तरुण पाळक हिटलरच्या राजवटीचा सुरुवातीपासूनचा विरोधक. गांधीजींच्या आश्रमात राहून अहिंसेचा मार्ग शिकण्याची त्याची इच्छा होती. गांधीजींनी १९३४ मध्ये पत्राने त्याला या म्हणून कळवलेही होते, पण ते राहून गेले. जून १९३९ मध्ये मित्रांच्या खटपटीने तो न्यूयॉर्कला पोहोचला. युद्ध तोंडावर आले होते. अमेरिकेत नोकरी होती, सुरक्षितता होती. महिनाभरही तो तिथे रमला नाही. देशबांधवांवर येणाऱ्या संकटात आपण सहभागी झालो नाही, तर उद्या देशाच्या उभारणीत भाग घेण्याचा आपल्याला हक्क राहणार नाही, असे त्याने आपल्या अमेरिकी स्नेह्याला कळवले आणि जुलैमध्ये तो परतला. सप्टेंबरला युद्ध सुरू झाले.

पुढे तो हिटलरविरोधी कटात सामील झाला. एप्रिल १९४३ मध्ये पकडला गेला. बर्लिनच्या टेगेल तुरुंगातला एक पहारेकरी त्याला घेऊन पळून जायला तयार होता, बेत ठरलाही होता. ऑक्टोबर १९४४ मध्ये भाऊ क्लाउस याला अटक झाल्याचे कळले. आपण पळालो तर भावाचे आणि घरच्यांचे हाल होतील, म्हणून डीट्रिखने तो बेत सोडला. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले. तो एकोणचाळीस वर्षांचा होता. दोनच आठवड्यांनी अमेरिकी सैन्य त्या छावणीत पोहोचले. भाऊही वाचला नाही.

तुरुंगात असताना बोनहोफरने स्वातंत्र्याच्या वाटेवरच्या टप्प्यांविषयी एक कविता लिहिली. शिस्त, कृती, दुःख आणि मृत्यू असे चार टप्पे त्याने त्यात मानले आहेत. कोठडीत बसलेला माणूस स्वातंत्र्याविषयी लिहितो आणि ते खोटे वाटत नाही, कारण दार उघडे असताना आत राहण्याचा निर्णय त्याने एकदा सोडून दोनदा घेतला होता.

गेथशेमानेची बाग, केडगावचा माळ आणि टेगेलची कोठडी. तिन्ही ठिकाणी मला एकच गोष्ट दिसते. त्यागाच्या आधी स्वातंत्र्य असावे लागते. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला त्याग म्हणता येते. बाकीचे सारे सोसणे असते. सोसणारी माणसे आदराला पात्र असतात, पण त्यांच्या सोसण्याला त्यागाचे नाव दिले की ते लादणारे सुटतात.

आणि उलट बाजूही खरी आहे. नुसतेच ‘नाही’ म्हणत राहिलेले स्वातंत्र्य हळूहळू स्वतःभोवतीच फिरू लागते. माझी जागा, माझा वेळ, माझा पैसा, माझी मर्जी. ख्रिस्ती भाषेत पापाला दास्य म्हणतात ते याच अर्थाने. रमाबाई दोन वेळा ‘नाही’ म्हणून थांबल्या असत्या, तर त्या एक बाणेदार विदुषी म्हणून इतिहासात राहिल्या असत्या. केडगाव झाले नसते.

याचा तुमच्या-आमच्या घरांशी काय संबंध? आमच्या मंडळीत नवऱ्याचा मार खाणारी बाई वडीलधाऱ्यांकडे येते तेव्हा तिला ‘हा तुझा वधस्तंभ आहे, वाहा’ असे सांगितले जाते. हे वाक्य मी ऐकले आहे, आणि लाज वाटते, पण एकदा मी स्वतःही बोललो आहे. ते चूक होते. दुसऱ्याच्या खांद्यावर चढवलेल्या वधस्तंभाला ख्रिस्ताचा वधस्तंभ म्हणणे म्हणजे खिळे ठोकणाऱ्यांच्या बाजूला उभे राहणे. हे फक्त ख्रिस्ती घरांपुरते नाही. आजाऱ्याची सेवा कायम एकाच सुनेच्या वाट्याला येते, शिक्षण एकाच मुलीचे थांबते, हक्कसोडपत्रावर सही बहिणींचीच घेतली जाते, आणि या सगळ्याला आपण त्याग म्हणून हार घालतो.

तेव्हा त्यागाचे कौतुक करण्याआधी दोन साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटू लागले आहे. या माणसाला विचारले होते का? आणि त्याने नकार दिला असता तर आपण तो ऐकला असता का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल तर हात जोडावेत. ‘नाही’ असेल तर कौतुक आवरावे आणि जे देणे लागतो ते फेडायला लागावे.

गेल्या गुड फ्रायडेला उपासना झाल्यावर मी ताईकडे गेलो. ती आता सत्तरीला टेकली आहे. मी तिला म्हणालो, ‘पन्नास वर्षं उशीर झाला, पण आता विचारतो. तेव्हा तुला कोणी विचारलं असतं, तर काय म्हणाली असतीस?’

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘काय माहीत. तुझ्यासाठी हो म्हटलं असतं कदाचित. पण गणित मला फार आवडायचं रे.’

मला ते माहीत नव्हते. इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते.